माणूस तोच, मीटर वेगळा

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना झालेल्या थोड्या पुनरुक्ती गाळल्या आहेत.)



कार्यकारिणीने मला विषय दिला, 'हवामानबदल आणि भारताची भूमिका'. विषय ऐकून सौ. म्हणाली, "जेवणाच्या आधी बोलणार आहात ना? मग वीस मिनिटांच्या वर जाऊ नका. मसालेभात गार होतो." तेव्हा घड्याळ समोर ठेवूनच बोलतो.

मी या विषयातला शास्त्रज्ञ नाही. आयुष्यभर विंडसरच्या टूल शॉपमध्ये मोटारींच्या भागांचे साचे बनवले. म्हणजे हवेत गेलेल्या धुराला माझाही थोडा हातभार लागलेला आहे. तरी या विषयावर बोलायला उभा राहिलो, त्याचं कारण सोळा-सतरा वर्षांपूर्वीचं एक वाक्य आहे. ते माझ्या मनातून जात नाही.

साल २००९, महिना डिसेंबर. आपल्यापैकी जुन्या लोकांना ते वर्ष आठवत असेल. क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दोन्ही दिवाळखोरीत गेल्या होत्या, आणि विंडसरची बेकारी देशात सर्वात वरच्या क्रमांकांत होती. आमच्या शॉपमधली निम्मी माणसं घरी बसली होती. त्यातच कोपनहेगनला जागतिक हवामान परिषद चालू होती. जेवणाच्या सुट्टीत टीव्हीवर बातमी लागली आणि माझ्या शेजारच्या मशीनवर काम करणारा गोरा सहकारी माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमचा इंडिया रोज कोळसा जाळतोय. मग मी माझा पिकअप का विकायचा?"

माझं उत्तर तयार होतं. तुमचंही असेल. मी म्हटलं, "बाबा रे, माणशी हिशोब कर. भारतीय माणूस वर्षाला दीड टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, कॅनडियन सोळा टन. आधी आपलं बघ."

तो जरा गप्प बसला. मग सँडविच चावत म्हणाला, "बरं. मग तू कुठल्या खात्यात?"

मंडळी, मला उत्तर सुचलं नाही. कारण मी तर कॅनडाचा नागरिक. माझा धूर कॅनडाच्या खात्यात मोजला जातो, आणि वाद घालताना मी भारताची पासबुकं दाखवत होतो!

त्या रात्री घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेतली. हिशोब सोपा आहे, घरी करून बघा. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. एक घनमीटर नैसर्गिक गॅस जाळला की १.९ किलो. आमच्या घराच्या फर्नेसला आणि गरम पाण्याला वर्षाला बावीसशे घनमीटर गॅस लागायचा, म्हणजे चार टनांच्या वर. दोन गाड्या मिळून पंचवीस हजार किलोमीटर, म्हणजे पाच टन. दोघांची टोरंटो-मुंबई वारी, जाऊन-येऊन आणखी चारेक टन. दोन माणसांचे तेरा टन झाले, आणि यात अजून अन्न, कपडे, रस्ते, कारखाने, अल्बर्टातलं तेल, काहीच धरलेलं नाही.

मी १९८८ च्या सप्टेंबरात इथे आलो. त्या वेळी भारतातल्या माणसाच्या वाट्याला वर्षाला एक टनसुद्धा येत नव्हता. कॅनडातल्या माणसाच्या वाट्याला सोळा-सतरा टन. म्हणजे मी मुंबईत विमानात बसलो आणि टोरंटोला उतरलो, तेवढ्यात माझा धूर वीसपटीहून जास्त झाला. माझ्या स्वभावात काय फरक पडला होता? काही नाही. आजही मी खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करतो, दह्याचे डबे धुऊन ठेवतो, गिफ्टचा कागद घडी करून पुढच्या वर्षी वापरतो. (हसू नका, तुमच्याही कपाटात आहेत!) माणूस तोच होता, फक्त त्याचं मीटर वेगळ्या यंत्रणेला जोडलं गेलं. इथे बस नाही, म्हणून गाडी आली. थंडी आहे, म्हणून फर्नेस आली. घर मोठं, कारण तसंच मिळतं.

तेव्हा माझा आजचा मुद्दा एवढाच आहे की माणसाचा धूर त्याच्या चांगुलपणावर फारसा ठरत नाही. तो ज्या व्यवस्थेत राहतो तिच्यावर ठरतो. आणि भारताची भूमिका महत्त्वाची आहे ती यासाठी, की तिथली बरीचशी व्यवस्था अजून उभी राहायची आहे.

माझं गाव सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात. हा तालुका म्हणजे विजेचा इतिहासच आहे. कोयना धरण आमचं. साठच्या दशकात कोयनेची वीज सुरू झाली आणि घाट उतरून मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांना गेली. आज कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. धूर नाही, राख नाही. पण आमच्या घरात दिवा लागला तेव्हा मी सातवीत होतो. धरणाची वीज आमच्या डोक्यावरून मुंबईला जायची आणि आम्ही खाली कंदिलाची काच पुसत बसायचो. शिवसागर जलाशयात ज्यांची गावं बुडाली त्यांचे हाल तर विचारू नका. कुणी सोलापूरला गेलं, कुणी सांगलीला, कुणी कोकणात. साठ वर्षं उलटली तरी जमिनीसाठी त्यांच्या नातवंडांना आंदोलनं करावी लागली. स्वच्छ वीजसुद्धा कुणाच्या तरी अंगणातून जाते, हे आमच्या तालुक्याला कुणी शिकवायला नको.

मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. आणि २०२४ मध्ये आमच्याच तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. शंभरेक घरांची वस्ती, छपरांवर सौर पॅनेल. म्हणजे पाणी, वारा आणि ऊन, तिन्ही एकाच तालुक्यात. एसेक्स काउंटीतल्या पवनचक्क्या पाहिल्या की मला वनकुसवडेच आठवतं.

पण खरी गोष्ट मला कळली ती पुतण्याच्या शेतावर. दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. आमच्या दादाची थोडी ऊसाची, थोडी भाजीची शेती. शेतीची लाईट म्हणजे पाळी असते, हे तुम्हाला माहीत आहे. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावर जायचं. अंधारात साप, विंचू, आणि आता बिबट्याही. वहिनी सांगायची, "दोघं बाप-लेक परत येईस्तोवर डोळ्याला डोळा लागत नाही." महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरी हेच ऐकाल.

पुतण्याने सरकारी योजनेतून सौर पंप घेतला होता. दहा टक्के पैसे शेतकऱ्याने भरायचे, बाकीचे अनुदान. मी मोठ्या उत्साहाने त्याला सांगायला लागलो, तुझ्या पंपामुळे वर्षाला इतका कोळसा वाचतो, पृथ्वीचं तापमान वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, ते जगाचं तापमान तुमचं तुम्ही बघा. मला आता रात्री झोप मिळती, एवढं खरं."

भारतात काय चाललंय हे मला कुठल्याही अहवालापेक्षा या वाक्याने जास्त कळलं. शेतकऱ्याला दिवसाची वीज हवी. ऊन दिवसा असतं. दोन्ही जुळलं. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा मोठा दुसरा टप्पा आला. गावाच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्याच फीडरवरच्या पंपांना दिवसा वीज द्यायची, अशी कल्पना. पृथ्वी वाचवा म्हणून कुणी पोस्टर लावलेलं नाही. लोकांच्या गरजेच्या पोटातून काम होतंय.

आणि परवडतंय म्हणून होतंय. २०१० च्या सुमारास भारतात सौर विजेचा भाव युनिटला दहा-बारा रुपये होता. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडलाच्या लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला, आणि २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात दोन रुपयांच्याही खाली. एलईडी दिव्यांचं तसंच. २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. सरकारने कोट्यवधी दिव्यांची एकदम खरेदी केली, भाव धडाधड कोसळला, आणि ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. आपल्या घाऊक बाजाराचं साधं तत्त्व. एकशेचाळीस कोटींचा देश एखादी वस्तू घ्यायला लागला की ती स्वस्त होते, मग ती केनियाला आणि नेपाळलाही परवडते. उभरत्या अर्थव्यवस्थेची पहिली भूमिका मला ही दिसते.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस भारताची आरती ओवाळायला उभा राहिलाय. तसं नाही. दुसरी बाजूही सांगतो.

वार्षिक धुरात भारत आज चीन आणि अमेरिकेच्या खालोखाल तिसरा आहे. २०२५ च्या जुलैमध्ये बातमी आली की भारताच्या वीजक्षमतेपैकी निम्मी आता कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांची झाली. २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं. अभिमानाची गोष्ट आहे. पण क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. सौर पॅनेल रात्री झोपतं. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतली सुमारे सत्तर टक्के अजून कोळशाचीच आहे. संध्याकाळी सात वाजता मुंबई-पुण्यात घरोघरी एसी सुरू होतात, तेव्हा ऊन कुठून आणणार? त्यासाठी बॅटऱ्या हव्यात, नाहीतर दुपारच्या उन्हाच्या विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. घाटघरला असा २५० मेगावॅटचा प्रकल्प आहेच. आता सह्याद्रीत असे बरेच प्रकल्प आखले जात आहेत, सातारा जिल्ह्यातही. ते व्हावेत. पण कोयनेच्या वेळी झालं तसं पुन्हा होऊ नये. ज्याची जमीन जाईल त्याच्या घरात पहिला दिवा लागला पाहिजे.

पुतण्याच्या पंपालाही दुसरी बाजू आहे. वीज फुकट झाली की पंप दिवसभर चालतो आणि विहिरीचा तळ लवकर दिसतो. ऊन वाचवायची गरज नाही, पाणी वाचवायची आहे. मी हे बोललो तेव्हा पुतण्याने मान हलवली, पण वाद घातला नाही. वाद घालत नाही तेव्हा त्याला पटलेलं असतं, हा आमच्या घराण्याचा नियम आहे.

आणि चंद्रपूर? तिथलं औष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॅटचं. आजूबाजूला खाणी. तिथल्या हजारो घरांची चूल कोळशावर पेटते, आणि हवाही त्याच कोळशाने काळवंडते. उद्या कोळसा बंद करा म्हणणं टोरंटोत बसून सोपं आहे. पण विंडसरच्या माणसाला कारखाना बंद पडणं म्हणजे काय, हे ठाऊक आहे. गेटला कुलूप लागलं की आधी कॉफीचं दुकान बंद होतं, मग न्हाव्याचं, मग शाळेतली मुलं कमी होतात.

कोळसा मात्र बंद करता येतो, हेही आपण इथेच पाहिलंय. २००३ च्या सुमारास ऑन्टॅरिओची चौथाई वीज कोळशाची होती. नॅन्टिकोकचं केंद्र तर उत्तर अमेरिकेतलं कोळशाचं सर्वात मोठं. आठवतात ते उन्हाळे? नदीवर पिवळट धुकं, रेडिओवर स्मॉगचा इशारा, मुलांना घरात ठेवा, दमेकऱ्यांनी बाहेर पडू नका. २००५ मध्ये प्रांतात असे ५३ दिवस होते. २०१४ च्या एप्रिलमध्ये शेवटचं केंद्र कोळशातून बाहेर पडलं आणि त्या वर्षी इशाऱ्याचा एकही दिवस आला नाही. नॅन्टिकोकच्या जागेवर आता सौर प्रकल्प आहे. यासाठी तुम्ही-आम्ही काय केलं? खरं सांगायचं तर काहीच नाही. दिवे तेच, बटणं तीच. भिंतीमागची व्यवस्था बदलली. आता गॅसवरची वीज पुन्हा वाढते आहे, म्हणून फार शेखी मिरवायला नको. पण हे दहा-अकरा वर्षांत होऊ शकतं, एवढं आपण डोळ्यांनी पाहिलं.

आता न्यायाचा प्रश्न. माझा सहकारी म्हणाला होता, इंडियाने आधी थांबावं. आजवर हवेत साठलेल्या सगळ्या धुरात भारताचा वाटा तीन-चार टक्के धरतात, आणि माणसं जगाच्या सहाव्या हिश्शाहून जास्त. दिल्लीच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच विचारलं होतं, की गरिबाच्या भातशेतीचा वायू आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तराजूत कसे घालता? तो प्रश्न आजही खरा आहे. कॅनडाचं पाहा. १९८८ च्या जूनमध्ये टोरंटोला जगातली एक पहिली मोठी हवामान परिषद भरली, वीस टक्के धूर कमी करा असं आवाहन इथून जगाला गेलं. पुढे आपण क्योटो करारावर सही केली, २००२ मध्ये मान्यता दिली, आणि २०११ मध्ये त्यातून बाहेर पडतो म्हणून जाहीर केलं. कोपनहेगनला श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला शंभर अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं होतं. ते पुरे व्हायला २०२२ उजाडलं. पेट्रोल-गॅसवरचा ग्राहकांचा कार्बन करही १ एप्रिल २०२५ पासून शून्य झाला. तेव्हा जगाला उपदेश करताना आपण जरा घसा खाकरलेला बरा.

पण मंडळी, न्याय बरोबर असला तरी पाऊस तो वाचत नाही. २०२१ च्या २२ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या एक-दोन रात्रींत आमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. माणसं झोपेत गेली. ज्यांच्या नावावर आयुष्यभरात एक विमानप्रवास नाही, अशी माणसं. एकेका पावसाचं कारण छातीठोक सांगता येत नाही, पण हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, हे भौतिकशास्त्र आहे. इथे २०१६ च्या सप्टेंबरात आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये विंडसर-टेकमसेला काय झालं? हजारो तळघरांत पाणी. आमच्याही. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून सौ.च्या लग्नातल्या पैठणीची पेटी वर काढत होतो. पण आम्हाला विमा मिळाला, नवा गालिचा आला. आंबेघरच्या लोकांना डोंगर मिळाला. फरक आहे तो एवढा.

म्हणून 'आमची पाळी आत्ता आली, आम्हालाही जाळू द्या' हे उत्तर मला भारताच्या तोंडी आवडत नाही. त्यात पहिला बळी आपलाच शेतकरी आहे. भारताने २०७० पर्यंत धुराचा हिशोब शून्यावर आणायचं २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर केलं. तोवर नवी घरं, नव्या बसगाड्या, नवे कारखाने होतीलच. ते कोळशाला जोडायचे की उन्हाला, हे आत्ताच ठरणार. आणि पैसा, तंत्रज्ञान मागायचा भारताचा हक्क आहे. तो मागताना आपल्याकडून चंद्रपूरच्या कामगाराची आणि पाटणच्या विस्थापिताची सोय लावलेली असली, म्हणजे आवाजात जोर येतो.

आणि आपण? आपण दोन्ही खात्यांची माणसं. मागच्या वर्षी आमची जुनी फर्नेस बंद पडली. पुन्हा गॅसची घ्यायची की हीट पंप, असा घरात तीन आठवडे वाद झाला. शेवटी हीट पंप घेतला. पहिल्या थंडीत सौ. शाल गुंडाळून हॉलमध्ये माझ्याकडे अशी बघत बसायची, की मला वाटलं यापेक्षा फर्नेस स्वस्त पडली असती! आता चाललंय बरं. गावाला जाऊन पुतण्याला कोळशावर व्याख्यान देणं मी सोडलंय. त्याऐवजी इथल्या उमेदवारांना निवडणुकीत प्रश्न विचारतो. आपल्या घराचं मीटर कशाला जोडायचं आणि मत कुणाला द्यायचं, हे आपल्या हातात आहे.

माझा तो सहकारीही निवृत्त झाला. अधूनमधून कॉफीला भेटतो. पिकअप अजून तोच आहे. हीट पंपाचं सांगितलं तेव्हा त्याने किंमत विचारली, बिल किती येतं विचारलं, आणि खिशातला कागद काढून आकडे लिहून घेतले. 'तू कुठल्या खात्यात' हे मात्र त्याने पुन्हा विचारलं नाही.

सौ. घड्याळ दाखवते आहे. मसालेभात वाट बघतोय. अंक हातात पडेल तेव्हा दिवाळी असेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो, शुभ दीपावली!